एकटीने, कुमानोच्या वाटेने

आजचा रविवार दादरच्या घरी जपानचा नकाशा पसरून बसण्यात गेला आणि परदेशातील माझ्या पहिल्या एकटीच्या प्रवासाचा मार्ग अखेर ठरला. टोकियो मी वगळले. ओसाकाहून रेल्वेने की-तानाबे गाठायचे आणि पुढे कुमानो कोदो या प्राचीन यात्रामार्गावरून, ताकिजिरीपासून होंगूच्या देवस्थानापर्यंत, उंच सुगी वृक्षांच्या दाट रानातून सुमारे 38 किलोमीटर चालायचे, असा बेत आहे. 2004 मध्ये युनेस्कोने हा मार्ग जागतिक वारसा यादीत घेतला. वाटेत ‘ओजी’ नावाची छोटी देवस्थाने लागतात. तेथे लाकडी पेटीत शिक्का ठेवलेला असतो आणि यात्रेकरू तो आपल्या वहीत स्वतः उमटवतो. पंढरीच्या वारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला हे सारे मनापासून आपले वाटले.

आईला काळजी होती ती जेवणाची. त्याच भागातल्या कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्राच्या मठांत मुक्कामाला आलेल्यांना मांस-मासळी आणि कांदा-लसूण वर्ज्य असलेले सात्त्विक भोजन वाढतात, हे कळल्यावर तिने भाजणीचे डबे भरण्याचा आग्रह सोडला.

जून-जुलैत तिकडेही पावसाळा असतो, त्यानंतर वादळांचे दिवस येतात. म्हणून मी नोव्हेंबर निवडला आहे. डोंगरातल्या घरगुती निवासांत खोल्या मोजक्याच असतात, त्यामुळे आधी मुक्काम पक्के करून मगच विमानाचे तिकीट काढणार आहे. रजेचा अर्ज उद्याच देते.