सीकम पाहूनच गट ओळखू आले

उंदरांच्या प्रयोगात बरेच दिवस काहीच घडत नाही. वजनं करा, खाद्य मोजा, लेंड्या गोळा करून उणे ८० अंशांवर ठेवा. जे कळायचं ते लेंड्यांतल्या जिवाणूंचा डीएनए वाचल्यावरच, असं मी धरून चालले होते. विच्छेदनाच्या दिवशी नुसत्या डोळ्यांना काही दिसेल असं वाटलं नव्हतं.

उंदरांचे दोन गट होते आणि दोन्हींना चरबीचं खाद्य होतं: ६० टक्के कॅलरी चरबीतून, तीही बहुतेक डुकराची. बाहेर राहिलं की खवट होतं, आणि उंदरांची लव तेलकट दिसायला लागते. एका गटाच्या खाद्यात सुकवलेल्या पेरूची पूड होती, दुसऱ्याच्या खाद्यात तंतू (फायबर) म्हणून फक्त सेल्युलोज.

सेल्युलोजवाल्या गटातल्या पहिल्या उंदराचं पोट उघडलं. सीकम, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची पिशवी, हे उंदरातल्या जिवाणूंचं मुख्य ठाणं. ते पार आक्रसलेलं. पुढचेही तसेच. मग पेरूवाल्यांची पाळी आली, तर सीकम टम्म! "मॅडम, चिठ्ठ्या काढून टाका, तरी सांगतो कुठला कुणाचा," ॲनिमल हाऊसचे मामा म्हणाले.

सेल्युलोज या जिवाणूंना फारसं पचत नाही. पेरूतलं पेक्टिन, म्हणजे विरघळणारा तंतू, पचतं, आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. तंतू मिळेनासे झाले की काही जिवाणू आतड्यावरचा श्लेष्माचा थरच खायला लागतात. 'चरबीने आतडं बिघडलं' असं आपण सर्रास लिहितो. त्यातला काही वाटा जिवाणूंच्या उपासमारीचा असतो, हे मला त्या टेबलावर पटलं. कित्येक प्रयोगांत तुलनेचा गट धान्याच्या साध्या गोळ्यांवर असतो, आणि त्यांत तऱ्हेतऱ्हेचे तंतू असतात. मग दोष चरबीचा की तंतूंच्या अभावाचा, कसं ठरवणार?

वजनात मात्र डोळ्यांत भरावा असा फरक नव्हता. सरांनीही लगेच टोकलं, "पेरूत पॉलिफेनॉलं, म्हणजे वनस्पतींतली ऑक्सिडीकरणरोधक रसायनं, आहेत, साखर आहे. श्रेय कुणाला देणार?" शिवाय एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे त्यांचे जिवाणूही सारखे होत जातात, आणि प्रत्येक उंदीर वेगळा पुरावा धरता येत नाही. पुढच्या खेपेला पिंजरे जास्त, प्रत्येकात उंदीर कमी, आणि निव्वळ पेक्टिनचा तिसरा गट, असं ठरलं. त्यासाठी नीतिमत्ता समितीकडे पुन्हा अर्ज टाकला.