पीएचसीत एनक्वासचे असेसर आले तेव्हा: माझा अनुभव

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) स्टाफ नर्स आहे. आमच्या केंद्राचं राष्ट्रीय गुणवत्ता मानांकन, ज्याला आम्ही सगळे 'एनक्वास'च म्हणतो, नुकतंच पार पडलं. ज्यांच्याकडे आता असेसर, म्हणजे तपासणी करून गुण देणारे, यायचे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. तयारीच्या काळात आम्हाला जो तो एकच सांगायचा, फाइली पूर्ण ठेवा. फाइली लागतातच, पण बरीचशी तपासणी फाइलींच्या बाहेर होते आणि ती तशीच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

चेकलिस्टमध्ये प्रत्येक मुद्द्यापुढे तो कसा तपासायचा तेही दिलेलं असतं. ओबी म्हणजे स्वतः पाहणं, एसआय म्हणजे कर्मचाऱ्याला विचारणं, आरआर म्हणजे नोंदी तपासणं आणि पीआय म्हणजे रुग्णाशी बोलणं. पूर्ण असेल तर 2 गुण, अर्धवट असेल तर 1, नसेल तर 0. ओपीडी, प्रसूतिगृह, लॅब, राष्ट्रीय कार्यक्रम अशा प्रत्येक विभागाची चेकलिस्ट वेगळी. प्रमाणपत्रासाठी 70 टक्के लागतात. आधी आपणच आपलं मूल्यमापन करायचं, मग जिल्हा, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय असेसर.

अंतर्गत मूल्यमापनात निघालेल्या त्रुटींची यादी पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले होते. नीट वाचल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागतच नाही. इमर्जन्सी ट्रेमधली लवकर एक्स्पायर होणारी औषधं पुढे ठेवायची, तपासणीच्या टेबलाजवळचा पडदा खरोखर ओढायचा, प्रिस्क्रिप्शन जेनेरिक नावाने आणि वाचता येईल असं लिहायचं. डॉक्टर मॅडमनी हे शेवटचं स्वतःपासून सुरू केलं. अग्निशामक भरून घेणं, सूचनाफलक यांसाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी वापरला.

असेसर आले ते थेट आयएलआरपाशी, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रीजपाशी. लसींचं तापमान 2 ते 8 अंशांत हवं आणि नोंद दिवसातून दोनदा हवी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी वहीतले फक्त रविवार आणि सणांचे दिवस काढून पाहिले. मग वहीतला आकडा आतल्या थर्मामीटरशी जुळवला. मग विचारलं, "रात्री लाइट गेली तर लसी कुठे हलवता, कोणाला फोन करता?" पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी उष्णतेइतक्याच गोठण्यानेही वाया जातात. वरून बाटली चांगली दिसते, पण बाळाला संरक्षण मिळत नाही. म्हणून हे प्रश्न मला अजिबात किचकट वाटले नाहीत.

प्रसूतिगृहात त्यांनी बाहुली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सिस्टर, बाळ रडत नाही. करून दाखवा." बाळाला पुसणं, डोक्याची स्थिती, मग अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. पहिल्या मिनिटात श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. मास्क नीट बसला आहे का, बाहुलीची छाती वर येते का, हे ते वाकून पाहत होते. त्यानंतर ऑक्सिटोसिन, म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन, कुठे ठेवता ते विचारलं. फ्रीजमध्ये, पण प्रसूतीच्या वेळी ते हाताशी हवं, कारण बाळ जन्मल्यावर मिनिटभरात 10 युनिट स्नायूत द्यायचं असतं.

सगळ्यात जास्त वेळ त्यांनी दिला तो आमच्या सफाईच्या मावशींना. कचऱ्याचे रंग विचारले. प्रसूतीनंतरची वार पिवळ्यात, सलाइनचा सेट लालमध्ये, सुया आरपार जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. मावशींनी सगळं बिनचूक सांगितलं आणि वर म्हणाल्या, "सुई टोचली तर दाबायची नाय, पाण्यानं धुवायची आन् लगेच मॅडमला सांगायचं." हे त्या तोंडपाठ म्हणत नव्हत्या, त्यांना ते समजलेलं होतं. जी बाई रोज हा कचरा हाताळते तिची सुरक्षितताही या गुणांत मोजली जाते, ही या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

गुण गेले ते औषधखिडकीवर. असेसरनी बाहेर पडणाऱ्या एका आजींना थांबवून पिशवीतल्या गोळ्यांबद्दल विचारलं. कोणती कधी घ्यायची ते त्यांना माहीत होतं, पण कोणती बीपीची आणि कोणती साखरेची, ते नाही. बरं वाटलं की बीपीची गोळी बंद करायची, असंही त्या सहज बोलून गेल्या. रजिस्टरमध्ये मात्र समुपदेशनाची नोंद होती. त्या एका उत्तराने जे दिसलं ते कुठल्याच रजिस्टरमधून दिसलं नसतं.

आता फार्मासिस्ट दादा पाकिटावर सूर्य-चंद्र काढतात, कशाची गोळी ते सांगतात आणि रुग्णाकडून परत वदवून घेतात. रांग थोडी लांबते. ओपीडीच्या गर्दीत हे जमवायला दुसरं माणूस खिडकीवर हवं, म्हणून सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी एक आशाताई तिथे बसतात.

प्रमाणपत्र मिळालं. ते तीन वर्षांसाठी असतं आणि मधल्या काळात राज्याची टीम दरवर्षी पाहणीला येते. येत्या अंतर्गत मूल्यमापनात आम्ही पीआयचे मुद्दे आधी घेणार आहोत आणि रुग्णांशी बोलायला शेजारच्या पीएचसीतल्या सिस्टरना बोलावणार आहोत. आमच्याच माणसांसमोर रुग्ण मोकळेपणाने तक्रार करत नाहीत.