जपानी स्टॅक्स आणि डोंबिवलीचा पावसाळा

जपानमधली नोकरी संपवून परतताना तिथे घेतलेला स्टॅक्स या जपानी कंपनीचा एसआर-एल५०० एमके२ हा हेडफोन आणि एसआरएम-००६टीएस हा त्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प्लिफायर मी डोंबिवलीला घेऊन आलो. हा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विद्युतभारावर चालणारा हेडफोन. अशा हेडफोनमध्ये नेहमीच्या हेडफोनसारखी कॉइल नसते. दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मधोमध एक-दीड मायक्रॉन जाडीचा पडदा ताणलेला असतो, त्याला ५८० व्होल्टचा स्थिर विद्युत्‌दाब दिलेला असतो आणि पट्ट्यांवर संगीताचा संकेत आला की पडदा मागेपुढे ओढला जातो. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे १०१ डेसिबलचा आवाज मिळण्यासाठी १०० व्होल्टचा संकेत लागतो. त्यामुळे मोबाइलच्या जॅकला हा हेडफोन जोडण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिली अडचण विजेची होती. माझा अ‍ॅम्प्लिफायर जपानच्या १०० व्होल्टचा आहे. बाजारात मिळणारे स्वस्त कन्व्हर्टर बहुधा एकाच गुंडाळीचे असतात आणि त्यांच्यात मुख्य वीजपुरवठ्यापासून विलगीकरण नसते, म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराकडून दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर बांधून घेतला. त्याने २३० ला १०० हे प्रमाण सुचवले. मी २४० ला १०० धरायला सांगितले. आमच्याकडे रात्री दाब २५० पर्यंत चढतो. तेव्हा पहिल्या प्रमाणात अ‍ॅम्प्लिफायरला जवळजवळ १०९ व्होल्ट मिळाले असते, आता १०४ मिळतात. ट्रान्सफॉर्मरची क्षमता अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे छापलेल्या वीजखपाच्या दुप्पट ठेवली. त्यामुळे तो तापत नाही.

खरी कसोटी जूनमध्ये लागली. एका ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात मध्यभागी वाजणारा तानपुरा हळूहळू उजवीकडे सरकू लागला आणि डाव्या कानात बारीक तडतड ऐकू येऊ लागली. सर्वप्रथम अ‍ॅम्प्लिफायरकडे येणाऱ्या डाव्या-उजव्या केबलींची अदलाबदल केली. दोष स्रोतात असता तर तोही बाजू बदलून उजवीकडे गेला असता, पण तो डावीकडेच राहिला. मग एका परिचिताचा त्याच जातीचा हेडफोन माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला लावला. तो व्यवस्थित वाजला, म्हणजे दुखणे माझ्या हेडफोनमध्येच होते. पडद्यावरचा लेप मुद्दाम अतिशय उच्च रोधाचा ठेवलेला असतो, जेणेकरून त्यावरचा विद्युत्‌भार हलू नये. हवेतला ओलावा आणि त्यात भिजलेली धूळ मिळून त्या भाराला निसटायला वाट करून देतात आणि त्या बाजूचा आवाज खाली जातो.

हेअर ड्रायरचा मोह अनेकांना होतो, पण इतक्या पातळ पडद्यावर गरम हवेचा झोत सोडणे मला वेडेपणाचे वाटते. मी छायाचित्रकार कॅमेऱ्यासाठी वापरतात तसे ड्राय कॅबिनेट घेतले, त्यातली आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवली आणि हेडफोन त्यात राहू दिला. तानपुरा पुन्हा मध्यभागी आला, तडतड थांबली. त्यानंतर पावसाळाभर ऐकणे झाले की आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचा, मग प्लग काढायचा आणि हेडफोन कॅबिनेटमध्ये ठेवायचा, हा क्रम ठरून गेला. प्लग जोडतानाही अ‍ॅम्प्लिफायर बंदच असतो. भारित पडदा धूळ ओढतो, त्यामुळे चालू अवस्थेत हेडफोन उघड्यावर टांगून ठेवण्याची हौस आपल्या हवेत परवडणारी नाही.

हेडफोन कानावर दाबून बसवताना कधीकधी पडदा पट्टीला टेकून 'फर्र' असा आवाज येतो. तो दोष नव्हे. कपच्या आतली हवा दाबली गेल्याने तसे होते.

केसांच्या तेलाचे मात्र घरात सर्वांना बजावून ठेवले आहे. तेल लावलेल्या डोक्यावर हेडफोन चढवला की कृत्रिम चामड्याच्या गाद्या आधी चिकट होतात आणि नंतर त्यांचे पोपडे सुटतात. त्या चिकट पट्टीने बसवलेल्या असतात, बदलता येतात, पण बाहेरून मागवाव्या लागतात. अ‍ॅम्प्लिफायरमधले ६एफक्यू७ जातीचे दोन व्हॉल्व्ह अजून मूळचेच आहेत. ते बदलताना आतला समतोल पुन्हा जुळवावा लागतो आणि तो चालू यंत्रात शेकडो व्होल्टच्या शेजारी हात घालून जुळवायचा असतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. वेळ आली की ते काम व्हॉल्व्हच्या यंत्रांची सवय असलेल्या तंत्रज्ञाकडेच देणार आहे.