अगत्तीच्या लगूनमधील गायरान

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतील उथळ पाण्यात, होडी घातली, की पहिले कासव शोधावे लागत नाही. आमच्या होडीपासून हातभर अंतरावर एक हिरवे कासव वर आले, सायकलच्या चाकातील हवा सोडावी तसा आवाज करत त्याने श्वास घेतला आणि ते पुन्हा तळाशी गेले. घरच्या पाटाहून मोठे त्याचे कवच पाण्याखालीही बराच वेळ दिसत राहिले.

पूर्वी येथे कासवांची शिकार होत असे आणि त्यांचे तेल होड्यांच्या फळ्यांना लावले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले, आणि बेटवासीयांनी ते पाळले. पुढे काय होईल, याचा विचार मात्र त्या कायद्यात नव्हता.

प्रौढ हिरवे कासव मुख्यतः समुद्री गवतावर जगते. हे गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, ते तळाची वाळू धरून ठेवते आणि माशांची पिल्ले त्याच्या आडोशाने वाढतात. कासवे मोजकी असतील तर कुरण चराई सोसते. अगत्तीत त्यांची गर्दी झाली, तेव्हा रुंद पानांचे थॅलेसिया मागे पडून चराई अधिक सोसणारे सायमोडोसिया पसरले आणि कालांतराने तेही विरळ झाले. अभ्यासकांनी तळावर काही तुकड्यांना कुंपण घालून पाहिले, तेव्हा आतील गवत उंच वाढले. एका लगूनमधील गवत संपले की कासवे दुसऱ्या बेटाकडे वळतात आणि तेथेही तेच घडते. कासवांची शिकार करणारे मोठे शार्क मासेमारीमुळे घटले, हेही या गर्दीचे एक कारण मानले जाते.

बत्तीस चौरस किलोमीटर जमिनीच्या या द्वीपसमूहात लगून हेच लोकांचे शेत आहे. आपल्याकडे रानडुकराने भात तुडवला तर पंचनामा होतो, उशिरा का होईना भरपाई मिळते. पण जो मासा लगूनमध्ये वाढलाच नाही, त्याचा पंचनामा कोणी आणि कसा करायचा? कासवे आपला मासा घालवतात, ही कोळ्यांची तक्रार अडाणीपणाची म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते, कारण कुरणाचे काय झाले हे त्यांनी अहवालांच्या आधी पाहिले होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने हिरव्या कासवाला धोक्यात असलेल्या प्रजातींतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवले. कोकणातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहिलेल्या माझ्यासारख्याला ही बातमी सुखावणारीच आहे. तरी केवळ डोकी मोजून भागणार नाही, कासवांबरोबर कुरणही मोजले पाहिजे आणि त्या मोजणीत कोळ्यांना बसवले पाहिजे, असे माझे मत आहे.

परतताना नावाड्याने तळाकडे बोट दाखवले. त्याच्या वडिलांच्या काळी तो सगळा पट्टा गवताने काळपट दिसे, असे त्याने मोडक्या हिंदीत सांगितले. मी तोवर त्या स्वच्छ पांढऱ्या वाळूचे वीस-पंचवीस फोटो काढले होते.