कागद काही मिळेना

शाळेत इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. पुढं चित्रकला सुटली ती सुटलीच. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा ब्रश धरला. रंग, ब्रश साताऱ्यात पहिल्याच फेरीत मिळाले. कागदानं मात्र अंत पाहिला.

जलरंगाचा जाड कागद मागितला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "मुलगा कितवीला?" आणि पुढ्यात शाळेची चित्रकलेची वही. त्या पातळ कागदावर आभाळाचा एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, दिला की त्याला पोक येतं, खळग्यात पाणी साचतं आणि निळ्याचे डाग पडतात. म्हटलं, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) द्या. तर म्हणे, "कार्डशीट देऊ का? तेपण जाडच की!" जाड असते हो, पण पाणी धरत नाही. रंग वरच्यावर तरंगतो, ब्रश पुन्हा फिरवला की सालपटं निघतात. एकानं "पुढच्या आठवड्यात मागवून देतो" असं सांगितलं. तो आठवडा दिवाळीपर्यंत लांबला, कागद आलाच नाही. मोठ्या माणसाला चित्र काढावंसं वाटतं, हेच यांच्या हिशेबात बसत नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानाचा कारभार सांभाळून चित्रं काढायचे, त्यांना कुणी इयत्ता विचारली नसेल! (औंधचं संग्रहालय जरूर बघा. १९३८ साली त्यांनीच उभं केलंय.)

शेवटी पुण्याहून कुरिअरनं मागवला. पूर्ण कॉटनचा, २२ बाय ३० इंची. चार तुकडे केले की ११ बाय १५ चे होतात, सुरुवातीला तेवढे बास. पहिल्यांदा अजिंक्यताऱ्यामागचं आभाळ एकसारखं उतरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना गच्चीवर बोलावून दाखवलं.

हां, फळी जराशी तिरकी ठेवा, म्हणजे रंग ओघळत खाली येतो. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावू नका, फुलकोबीसारखे डाग उठतात. आणि पैसे वाचवायचेच तर रंगात वाचवा, कागदात नको.

एवढं होऊन आपल्याकडचा पावसाळा आहेच. कागदावर जिलेटिनचा हात दिलेला असतो, त्यामुळं रंग लगेच आत मुरत नाही. दमट हवेत तो थर मरतो. कपाटातला उरलेला कागद पावसाळ्यानंतर काढला, तर रंग टीपकागदावर पडावा तसा जागोजागी शोषला गेला. ही गोष्ट विकणारा एकजण सांगेल तर शपथ! हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. बिघडलेला कागद टाकू नका, त्यावर कोळशानं छान काम होतं.

मागवताना गुंडाळी नको म्हणून आधीच सांगा. दोन पुठ्ठ्यांत सपाट बांधून देतात, थोडे जास्त पैसे पडतात.