बासरीवालीचा प्रश्न

माहितीपटाच्या पार्श्वसंगीताचं काम होतं. डायरेक्टरनी सकाळीच फाइल पाठवली आणि फोन केला, "म्युझिक तयार आहे, एआयवर केलंय. तुम्ही फक्त चित्रावर बसवून द्या, संध्याकाळी मिक्स." धून चांगली होती. मुखडा तर मलाही सुचला असता तर आनंद झाला असता.

दुपारी एडिट बदललं, एक शॉट चार सेकंदांनी कमी झाला. आम्हा संगीत-संयोजकांचा बराचसा वेळ चाल बांधण्यात नव्हे, अशा दुरुस्त्यांत जातो. डायरेक्टरनी एआयला तोच प्रॉम्प्ट, म्हणजे तीच लेखी सूचना, पुन्हा दिली, तर वेगळीच चाल आली. हातात होती एकच स्टिरिओ फाइल, सगळी वाद्यं एकत्र मिसळलेली. वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर आता सर्रास मिळतात. डीझर या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीनं २०१९ मध्ये स्प्लीटर हे तसलं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. पण वेगळी केलेली बासरी ऐकली, तर तिच्यात झांजेची सळसळ होती आणि तंतुवाद्यांत बासरीची पुसट सावली. कापलं की रीव्हर्बची, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या घुमाऱ्याची, शेपटी तुटून खटका यायचा. यावर तास दोन तास घालवणं मला अजिबात पटत नाही.

शेवटी नेहमीच्या बासरीवादक ताईंना बोलावलं. त्यांनी धून ऐकली आणि विचारलं, "श्वास कुठे घ्यायचा?"

मुखड्याची ओळ अशी लांबलचक होती की ती एका दमात कुणालाच वाजवता आली नसती. मला ते ऐकताना जाणवलंच नव्हतं. ताईंनी निषादाआधी ओळ तोडली, दम घेतला आणि धैवतावरून मींड घेत निषादावर आल्या. त्या तोडण्यानं ओळीला अर्थ आला. चार सेकंदही तिथेच वाचले.

डायरेक्टर म्हणाले, "पहिलीच बरी होती." आठवडाभर तीच कानात बसलेली. एडिटच्या टेबलावर कामचलाऊ संगीत लावून ठेवलं की हे होतंच. चित्राबरोबर दोन्ही ऐकवल्यावर तयार झाले.

मग निर्मात्यांकडून फॉर्म आला: 'हे संगीत संपूर्णपणे माझी मूळ निर्मिती आहे.' मी सही केली नाही. नुसत्या प्रॉम्प्टमुळे माणूस कर्ता ठरत नाही, असं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय. बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये सुनो आणि युडिओ या एआय संगीत बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले, तेही तुमचं एआय कुणाच्या गाण्यांवरून शिकलं याच मुद्द्यावर. उद्या कुणी विचारलं तर उत्तर मलाच द्यावं लागणार.

मी लिहिलं: 'मूळ धून एआयनिर्मित, वाद्ययोजना माझी.' हे वाक्य काढा म्हणून रोज फोन येतोय. काढणार नाही. त्या तोडलेल्या ओळीची मालकी कुणाची, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. ताईंचं नाव नुसतं वादक म्हणून नको, संगीतात सहभाग म्हणून जावं, असा मेल काल पाठवलाय.