पॅरिसचा वीकेंड: तिकीट मशीनपाशी मदत घेऊ नका

जर्मनीतल्या आखेनहून रात्रीच्या बसने पॅरिसला निघालेल्यांसाठी लिहितोय. बसमध्ये बसल्या बसल्या झोप लागते आणि पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालता येतं, असं गृहीत धरलंय. ज्याला हे जमत नाही त्याने पैसे साठवून ट्रेनने जावं.

आमच्या सीनियर मंडळींनी "वय सव्वीसच्या आत असेल तर सगळं फुकट, बिनधास्त जा" एवढंच सांगितलं होतं. यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात, पॅरिसमधलं काहीही बघायच्या आत, माझे आणि रूममेटचे मिळून ७० युरो गेले.

बस पहाटे पाचच्या आधीच बेर्सी सेन तळावर सोडते. हा तळ बेर्सी उद्यानाच्या पोटात आहे. अंधार, डिझेलचा वास, आणि टेकायला जागा मिळेलच असं नाही. मेट्रो साडेपाचच्या सुमारास सुरू होते. तोवर तिथे कुडकुडत बसण्यापेक्षा गार द ल्यों स्टेशनपर्यंत चालत जा, दीडेक किलोमीटर आहे. तिथे सामानाचे लॉकर आहेत, कॉफी मिळते. इथवर सगळं ठीक.

आता खरी गोष्ट. मेट्रोच्या तिकीट मशीनसमोर गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकवलेला एक माणूस उभा होता. इंग्रजी छान, वागणं अगदी मायाळू. म्हणाला, हे मशीन जर्मन कार्ड घेत नाही, तुम्हाला वीकेंडचा पास लागेल, माणशी ३५ युरो. स्वतःच्या कार्डाने पैसे भरले, आमच्याकडून रोख घेतले, हातात दोन कार्डं ठेवली आणि गेट उघडून दाखवलंसुद्धा. मेट्रोच्या पहिल्या लाइनने लूव्र संग्रहालय गाठलं. दुपारी परत गेटवर कार्ड टेकवलं तर लाल दिवा. कार्डावर प्रत्येकी एकच साधं तिकीट होतं. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड वाचून ते आम्हाला दाखवलं आणि खांदे उडवले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की दिवसभरात आमच्यासारखे बरेच येत असणार.

म्हणून हिशोब नीट समजून घ्या. तिकिटं भरायचं नाविगो ईझी कार्ड २ युरोंना मिळतं, प्रत्येकाला वेगळं लागतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. २०२५ मध्ये मेट्रोचं एक तिकीट अडीच युरो होतं, एक दिवसाचा पास १२ युरो. म्हणजे दिवसात पाच वेळा मेट्रो धरणार असाल तरच पास घ्या, आणि शहराचा मध्यभाग पायी इतका जवळ आहे की पाच वेळा धरावीच लागत नाही. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार चालतो, शनिवारी घेतलात तर तो पुढच्या सोमवारपासूनच लागू होतो, वीकेंडला उपयोग शून्य. बसचं तिकीट वेगळं, २०२५ मध्ये २ युरो होतं. मेट्रोतून उतरून त्याच तिकिटावर बसमध्ये चढलात की तपासनीस दंड लावतो. लंडनसारखं बँकेचं कार्ड टेकवून आत जायची सोय मेट्रोच्या गेटवर नाही. कार्डावर काय भरलंय ते मशीनवर ठेवून लगेच वाचता येतं, इल-द-फ्रान्स मोबिलिते या तिथल्या वाहतूक संस्थेच्या ॲपने फोनवरही दिसतं. कुणी कितीही गोड बोलो, आधी वाचा, मग पैसे.

आता फुकटाबद्दल. सव्वीस पूर्ण व्हायच्या आत असाल आणि जर्मनीचं रेसिडन्स परमिट असेल तर लूव्र आणि ओर्से ही संग्रहालयं, आर्क द त्रिओंफ ही कमान, सँत-शापेल हे चर्च, व्हर्सायचा राजवाडा या ठिकाणी पैसे लागत नाहीत. पण लूव्रला शून्य युरोचं तिकीटसुद्धा वेळ ठरवून आधी बुक करावं लागतं, हे आमच्या सीनियरना कुणी सांगितलं नसावं. बुकिंग लूव्रच्याच साइटवर करा. सर्चमध्ये वर वर येणारे दलाल याच फुकट तिकिटाला पैसे लावतात. पासपोर्ट आणि परमिट दोन्ही मूळ न्या. माझ्या रूममेटचा सव्विसावा वाढदिवस होऊन गेलेला, त्याने २२ युरो मोजले आणि दिवसभर मला ऐकवलं. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी.

मोनालिसा बघू नका. बघाल तर लोकांचे फोन दिसतील. त्यापेक्षा खाली मेसोपोटेमियाच्या दालनात राजा हम्मुराबीच्या कायद्यांचा शिलालेख आहे, समोर निवांत उभं राहता येतं. आयफेलवर चढायला दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत आणि तिथे सव्वीसच्या आत फुकट वगैरे काही नाही. खालूनच बघा, अंधार पडल्यावर दर तासाला लखलखतो तेव्हा. नोत्रदाम चर्च २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आत जायला पैसे नाहीत, बाहेर कुणी प्रवेशाचं तिकीट विकत असेल तर तो आमच्या त्या मायाळू माणसाचा भाऊ. साक्रे-कर चर्चच्या पायथ्याला मनगटावर दोरे बांधणारे घोळक्याने असतात. हात खिशात, मान खाली, चालत राहा. कॅफेत बाहेरच्या टेबलावर बसलं की तीच कॉफी काउंटरपेक्षा महाग पडते. पाणी मागायचं तर "काराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं.

पोटाचं म्हणाल तर गार दु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल हा भाग. श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची वस्ती आहे, इडली-डोसा पोटभर आणि परवडणारा. जवळच माणिक्क विनायकर गणपतीचं देऊळ आहे. पॅरिसमध्ये पैसे दिल्याचं समाधान मला फक्त इथे वाटलं.

रविवार सेन नदीच्या काठाने फिरण्यात गेला. छान होता.

परतीच्या बसबद्दल मात्र ऐका. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली आहे. बेल्जियममधल्या लीएजच्या बाजूने येताना सीमेवरच्या लिख्टनबुशला पोलीस बसमध्ये चढले. फोनमधला परमिटचा फोटो दाखवणाऱ्या एका मुलाला खाली उतरवलं आणि त्याची चौकशी होईपर्यंत सगळी बस ताटकळली. दुसऱ्याचा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत होता, मध्यरात्री सगळं सामान उपसावं लागलं. दोन्ही कागद अंगावरच्या खिशात ठेवा, आणि सोमवारी सकाळी आठचं लेक्चर असेल तर त्या बसने येऊच नका.